टायरची साक्ष

तुम्ही खोटारडे आहात. हे आधी सांगून घेते, बाकीचं मग. सरकारी खातं असलात तरी माननीय, महोदय असलं काही माझ्याकडून मिळायचं नाही. तुम्ही माझ्या नावापुढे ‘वयोजन्य घट, वाढती’ असं लिहिलंत. माझे हात थरथरतात, माझं डोकं मंद झालंय, असं माझ्या घरच्यांना, माझ्या कामगारांना, माझ्या बँकेला कळवलंत. आणि साक्षीदार कोण उभा केलात? डॉक्टर नाही, शेजारी नाही. माझ्याच गाडीचा पुढचा डावा टायर.

मी शर्मिष्ठा नेजदार, कसबा बावड्याची. वय अठ्ठावन्न. शिरोलीला आमची फाउंड्री आहे, पंपांच्या बॉडी ओततो. सासरे गेल्यावर भट्टी मी हातात घेतली, कारण नवऱ्याला उष्णता सोसत नाही आणि हिशेब सोसतो. बाईनं भट्टीवर उभं राहायचं का, हा प्रश्न त्या वेळी सगळ्या एमआयडीसीनं विचारून घेतला. मी उत्तर दिलं नाही, ओतकाम केलं.

आणि मला वेगानं गाडी चालवायला आवडतं. रस्त्यावर नाही. रस्त्यावर मी रिक्षाच्या मागे शांत बसते. महिन्यातून एकदा वेताळमाळाच्या ट्रॅकवर ट्रॅक डे असतो, तिथे जाते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे नंबर नसतो, करंडक नसतो. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या वेळात, मोकळ्या वळणांवर, स्वतःशी भांडत फिरायचं. माझी गाडी विजेवरची, दोन माणसांची, जमिनीला पोट लावून बसणारी. बॅटरीच्या वजनामुळे ती टायर खाते. भाकरीसारखे खाते.

टायर वाचवणं हीच तिथली खरी विद्या. टायर रस्त्याला धरतो तो स्वतःला झिजवून. प्रत्येक वळणावर त्याचा एक पातळ थर निघून जातो. गार असताना जोरात पिळलात तर वरचं रबर चुरगळून त्याच्या सुरकुत्या उठतात. फार तापवलात तर आतून फोड येतात. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, तिथे रबर किंचित चिकट होतं आणि रस्ता सोडत नाही. तुम्ही त्या पट्ट्यात राहायचं. ब्रेक सरळ रेषेत मारायचा. पुढची चाकं घसरायला लागली की माणसाचा हात आपोआप स्टिअरिंग आणखी पिळतो. तिथे उलट थोडं सोडायचं. वेताळमाळावर उजवी वळणं जास्त, म्हणून सगळं ओझं पुढच्या डाव्यावर. फेरी संपली की मी खाली उतरून त्याच्यावर तळहात फिरवते. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं, की समजायचं, आज आपण हावरटपणा केला.

माझा हात सांगायचा, मी ऐकायचे. मग तुमचे साक्षी टायर आले.

*

साक्षी टायरची कल्पना सुंदर आहे, हे मी शत्रू असूनही कबूल करते. रबरात काजळी पूर्वीपासून घालतात, टायर काळा असतो तो तिच्यामुळेच. या नव्या रबरात कार्बनचे केसाहूनही बारीक धागे घातले. त्यांतून वीज वाहते. रबर ताणलं, दबलं, फाटलं की विजेचा अडथळा बदलतो. म्हणजे टायरला नसा आल्या. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवायला पापणी लवण्याइतका उशीर केलात, तरी त्याला कळतं. हात किंचित हलला, कळतं. यंत्र विजेच्या या लहरी वाचतं आणि चालवणाऱ्याबद्दल अहवाल देतं.

सुरुवातीला तो अहवाल फक्त झिजेचा होता. कुठे जास्त पिळलं, कुठे कमी. आम्ही हसत वाचायचो. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की हातांची थरथर टायरला कळते, तर म्हातारपणही कळत असणार. विमावाल्यांनी ते उचललं. नंतर तुम्ही कायदाच केलात. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला लायसन हवं, भट्टी किंवा क्रेन अशा धोक्याच्या कामावर सही हवी, तर ट्रॅक डेला तुमच्या परीक्षकासमोर चालवून साक्षी टायरचा अहवाल द्यायचा. तीन वाईट अहवाल लागोपाठ आले की ‘असमर्थ’. मग गाडी जाते, सही जाते, भट्टीपाशी उभं राहायचा हक्क जातो.

लोकांनाही चटक लागली. लग्न ठरवताना मुलाच्या बापाचा अहवाल मागायला लागले. पुढे सांभाळायला लागणार की नाही, ते आधीच कळलेलं बरं म्हणे!

माझा पहिला वाईट अहवाल दिवाळीनंतर आला.

घरात कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी भांडले असते. रणधीर, म्हणजे माझे मिस्टर, त्या दिवसापासून माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. गॅसचं बटण मी बंद केल्यावर तेही जाऊन बघायचे. एका सकाळी गाडीची किल्ली नेहमीच्या खुंटीवर नव्हती.

“अहो, किल्ली?”

“असेल की कुठंतरी. तू कुठं ठेवलीस आठवतंय का बघ.”

“मला आठवतंय. तुम्ही कुठे ठेवलीत ते विचारते आहे.”

त्यांनी पेपर वर केला. पेपरामागून म्हणाले, “शर्मे, रिपोर्ट आलाय तो काय मी लिहिलेला नाही.”

फाउंड्रीत माझी मुलगी मृण्मयी असते. अठ्ठावीसची आहे, धातुशास्त्र शिकून आलीये, तापटपणात माझ्यावर गेलीये. त्याच आठवड्यात ओतकाम चालू असताना ती माझ्या आणि भट्टीच्या मध्ये येऊन उभी राहिली. “आई, तू ऑफिसात बस ना. मी बघते.” चाळीस कामगारांसमोर. कुणी वर बघितलं नाही. ज्यांना मी कामावर घेतलं, ज्यांच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मी ऑफिसात जाऊन बसले. चहा आला. चहा आणणाऱ्यानं कप माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला, आणि माझा हात लागेपर्यंत तिथेच घुटमळला.

माझ्याकडून काय काढून घेतलं जातंय, ते मला त्या कपापाशी समजलं. गाडी ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट होती.

*

पुढच्या ट्रॅक डेला मी किल्ली मागून घेतली. मागितली म्हणजे रणधीरच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले.

वेताळमाळावर दस्तगीर बागवान भेटले. मार्केट यार्डात त्यांची फळांची पेढी आहे. त्रेसष्ट वर्षांचे, पिवळी स्पोर्ट्स कार, तिच्या डिकीत कायम कुठल्यातरी फळाचा वास. आमची वीस वर्षांची खुन्नस आहे.

“काय वहिनी, टायरनं म्हातारं केलं म्हणं तुमाला?”

“तुमचा काय म्हणतोय?”

“माझा लई शाणा हाय. म्हणतोय, अजून एक लगीन झेपंल.” मग जरा जवळ येऊन म्हणाले, “खोटं कशाला बोलू. मला बी एक वाईट बसलाय. घरात कुणाला सांगितलं नाही.”

त्या दिवशी मी घाण चालवली. डोक्यात राग होता. तिसऱ्या वळणावर उशिरा ब्रेक मारला, गाडी घसरत बाहेर गेली, मी स्टिअरिंग पिळलं, आणखी पिळलं, नवख्या पोरासारखं. मला लाज वाटली. तेवढ्यात पिवळा झेंडा, म्हणजे घड्याळ थांबतं आणि सगळ्यांनी हळू व्हायचं. कुंपणाच्या फटीतून एका धनगराची मेंढरं ट्रॅकवर आली होती. पन्नास-साठ तरी असतील. ट्रॅकच्या मधोमध उभी राहून ती आमच्याकडे बघत होती. आम्ही सगळे त्यांच्या मागून, सायकलच्या वेगानं, पूर्ण एक फेरी रांगत तसेच आत आलो.

आणि अहवाल आला: ‘उत्तम. घट आढळली नाही.’

फक्त माझाच नाही. त्या खेपेच्या सगळ्यांचाच उत्तम. मग काय विचारता! प्रत्येकाला वाटलं, आज आपण काय चालवली! दस्तगीरभाईंनी तिथेच मटणाचा बेत जाहीर केला. कागलचा एक पोलादवाला आपली ब्रेक मारायची पद्धत सगळ्यांना समजावून सांगत होता, पानावरचा रस्सा सांडेपर्यंत. इतकी माणसं एकाच दिवशी एकदम कशी सुधारली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शाबासकी मिळाली की आपल्याकडे हिशेब तपासायची पद्धत नाही.

घरी रणधीरनी पेढे आणले. मृण्मयीनं मिठी मारली. आणि मी पेढा हातात धरून बसले, कारण मला माहीत होतं, आज मी घाण चालवली होती. टायरवर तळहात फिरवला तेव्हा करवत लागली होती. जो साक्षीदार माझ्या वाईट दिवशी मला चांगली म्हणतो, तो चांगल्या दिवशी खरं बोलला असेल कशावरून?

हे मी मोठ्यानं बोलले. रणधीर म्हणाले, “चांगला आला तरी तुझं भांडण हायच का?”

*

पुढचे दोन ट्रॅक डे आले. पहिल्याला मी मन लावून चालवलं, तरी वाईट अहवाल. ‘उत्तम’मुळे मोजणी नव्यानं सुरू झाली होती, म्हणजे हा पुन्हा पहिला. आणि दुसरा मी चालवलाच नाही.

हो, फसवणूक केली. लिहून घ्या.

मृण्मयी आदल्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. “आई, उद्या तुझ्या तपासणीच्या कार्डावर मी चालवते. हेल्मेट घातल्यावर कोण बघतंय? एक चांगला अहवाल घेऊन येते. मग तू स्वतःहून सोड. मानानं सोड. त्यांनी काढून घेण्यापेक्षा.”

“म्हणजे मी म्हातारी झालेय, हे तुला पटलंय.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिचा इतका राग आला की मी कार्ड तिच्या मांडीवर फेकलं. “जा. दाखव चालवून.”

पोरगी छान चालवते. मीच शिकवलंय. कठड्याला टेकून मी बघत होते. ब्रेक सरळ, हात शांत, वळणात घाई नाही. सहा फेऱ्या झाल्या, लाल दिवा लागला, ती नियमाप्रमाणे तडक आत आली. आतल्या कमानीखाली तापलेल्या टायरांवर गार पाण्याचा फवारा उडाला, वाफ झाली, आणि कमानीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली:

‘शर्मिष्ठा र. नेजदार. हातांची थरथर, तीव्र. वयोजन्य घट, वेगानं वाढती.’

मृण्मयीनं काच खाली घेतली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी खिडकीपाशी वाकले.

“या आजी,” मी म्हटलं. “उतरायला हात देऊ का?”

ती आधी रडली का आधी हसली ते मला सांगता यायचं नाही. हसता हसता तिला ठसका लागला. मग एकदम गंभीर झाली. “आई, माझ्या स्वतःच्या कार्डावर अश्शीच चालवली की मला ‘जोशपूर्ण शैली’ येतं. गेल्या महिन्यातच आलंय. अगदी हेच हात.” ती माझ्याकडे बघत राहिली. “ते जन्मतारीख बघतात. लहर तीच. माझी असली तर जोश, तुझी असली तर थरथर.”

घरी गेल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं. रणधीरनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. “म्हणजे दोन झाले,” ते म्हणाले. “आणि त्यातला एक तुझा.” मग उठून आत गेले, किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “आता काय करायचं ते तू सांग.” एवढंच. पण आवाज पूर्वीसारखा मोठा होता, आणि तो ऐकून मला भूक लागली.

*

पण त्या लहरी येत होत्या कुठून? मृण्मयीचे हात थरथरत नव्हते. माझेही नाहीत.

तिनं टायर बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला. दहा जणांनी दहा ठिकाणी फिरवल्यावर रबराचं रसायन बघणारी एक बाई फोनवर आली. बोलकी होती, आणि आपल्या रबरावर तिचा जीव होता. फोन आम्ही स्पीकरवर ठेवला.

ती म्हणाली, “आमच्या रबरात नुसते धागे नाहीत हो. ते स्वतःला सांधतं. साध्या रबरातल्या रेणूंच्या साखळ्या तुटल्या की तुटल्या. याच्या साखळ्यांच्या टोकांना विजेचा भार असतो, छोट्या चुंबकांसारखं समजा. तुटलेली टोकं जवळ राहिली आणि ऊब मिळाली तर पुन्हा चिकटतात. वेगात चालवताना बारीक चिरा पडणारच. नंतर गाडी हळू चालवली की टायर उबदार असतो, फाडणारा जोर नसतो, वजनानं चिरा दाबल्या जातात. एका हळू फेरीत जवळजवळ सगळं सांधतं. धागेसुद्धा.”

“आणि हळू फेरी नाही घेतली तर?” मृण्मयीनं विचारलं.

“असं कसं नाही घेत? आमच्या सगळ्या चाचण्या हळू फेरीनंतरच्या आहेत. तुमच्याकडे किती लांबीची घेता?”

मृण्मयीनं माझ्याकडे बघितलं.

“हॅलो?”

“फवारा मारतात,” मी म्हटलं. “तापलेल्या टायरवर. गार पाण्याचा.”

पलीकडे श्वास ऐकू आला. “अहो, मग टोकं उघडीच थिजतात! पुढच्या खेपेला चीर तिथूनच वाढते. आणि तुटलेले धागे घासत राहतात, त्यांच्यातून वीज अडखळत जाते. यंत्राला वाटेल, स्टिअरिंग थरथरतंय.”

ती आणखी बोलत होती, पण मला समोर मेंढरंच दिसत होती. मधोमध उभी, आमच्याकडे बघणारी. आमच्या चांगल्या अहवालाचं सगळं श्रेय त्यांचं होतं आणि मटण आम्ही खाल्लं.

हळू फेरी पूर्वी होती. मला चांगली आठवते; त्या फेरीत काच खाली करून आम्ही एकमेकांना शिव्या द्यायचो. साक्षी टायर आले त्याच वर्षी तुम्ही ती बंद केलीत. दिवसाला जास्त माणसं तपासून व्हावीत म्हणून. टायर लवकर गार व्हावेत म्हणून कमान बसवलीत. तुम्हीच जखम उघडी ठेवलीत आणि ती बघून म्हणालात, म्हातारी थरथरते.

*

तिसरी खेप. आज वाईट आला की असमर्थ.

तक्रार का नाही केली, असं विचाराल. केली. ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. तुमच्याकडे तक्रारही थिजवून ठेवतात.

नियम असा: सहा वेगाच्या फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय अहवाल ग्राह्य नाही. एक जरी फेरी किमान वेगाच्या खाली गेली, तर ती मोजत नाहीत. वेळ इतका बेतलेला की सहा फेऱ्या होतात आणि लाल दिवा लागतो. दिवा लागल्यावर बाहेर राहिलात तर सरळ असमर्थ. म्हणजे हळू फेरी हवी असेल, तर तिच्यापुरता वेळ वेगाच्या फेऱ्यांतून कमवायचा. आणि कमवताना टायर फाडायचा नाही, नाहीतर एका हळू फेरीत तो सांधणार नाही.

तिथले परीक्षक केळवकर तिशीतले, सभ्य. त्यांनी माझं कार्ड यंत्राला लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, सावकाश चालवा हं.”

“आज तेच करायचंय,” मी म्हटलं. “पण आधी जरा घाई आहे.”

मृण्मयीनं हवा तपासली. गार टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवली, तापल्यावर ती फुगून बरोबर जागेवर येते. रणधीर कठड्याला उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा ते ट्रॅकवर आले होते, आणि डोक्यावर छत्री धरून होते.

“शर्मे,” ते ओरडले, “जपून वगैरे काय म्हणत नाही मी!”

पहिल्या फेरीत टायर तापवले. वळणांवर वजन टाकून, अलगद, दूध तापत ठेवतात तसे. दुसरीपासून सोडली. गाडीची गंमत अशी की घाई अंगात दिसली की ती हळू होते. टायर किंचाळला म्हणजे वेग घर्षणात गेला. मी एकही किंचाळी येऊ दिली नाही. तिसऱ्या वळणावर नेहमीच्या खुणेच्या जरा आधीच ब्रेक सोडला, नाक आत वळलं, हात जवळजवळ हललेच नाहीत, आणि बाहेर पडताना सगळी ताकद सरळ रेषेत लावली. वळणात जरा सोडायचं, सरळ रस्त्यावर दुपटीनं वसूल करायचं. पुढचा डावा टायर बोटांत जाणवत होता. तो गुणगुणत होता. मी भट्टीसमोर तीस वर्षं उभी आहे; लोखंड ओतायच्या लायकीचं झालं की त्याचा रंग सांगतो, आणि मग हात आपोआप शांत होतो. माझे हात तसे झाले.

चौथी. पाचवी. मृण्मयीनं कठड्यावरून पाटी दाखवली: वेळ शिल्लक आहे, पण जेमतेम. सहाव्या फेरीत दस्तगीरभाई पुढे आले. त्यांची पिवळी गाडी वळणात माझ्या ओळीवर. आडवे गेले तर माझा वेळ गेला. वीस वर्षांत या माणसानं मला एकदाही वाट दिली नव्हती. त्यांनी आरशात बघितलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडी पार कडेला, टायरांतून झडलेल्या रबराच्या गोळ्यांच्या कचऱ्यात घातली. मी शेजारून गेले तेव्हा ते काहीतरी ओरडले. शिवीच असणार.

सहावी पूर्ण झाली आणि दिवा अजून हिरवा होता.

मी वेग सोडला. एकदम सोडला. ट्रॅकभर लोक उभे राहून बघायला लागले. हेल्मेटमधल्या वायरलेसवर केळवकरांचा आवाज आला.

“मॅडम, गाडीला काही झालं का?”

“नाही.”

“मग इतक्या हळू का?”

“केळवकर, हळू चालवायला बंदी आहे का? नियमात बघा आणि सांगा.”

ते बघत होते बहुतेक. मी काच खाली घेतली. वारा आला, गरम डांबराचा वास आला. त्या फेरीत मी चाकाखाली काही घडताना ऐकू शकत नव्हते, पण मला माहीत होतं की तिथे तुटलेली टोकं एकमेकांना शोधत आहेत. ऊब आणि थोडा दाब. एवढंच लागतं त्यांना.

कमानीच्या तोंडाशी असताना लाल दिवा लागला. फवारा सुटलाच नाही. तो ठरावीक उष्णतेच्या वरच उडतो, आणि माझे टायर तोवर निवले होते.

पडद्यानं वेळ घेतला. मग:

‘शर्मिष्ठा र. नेजदार. हात स्थिर. वयोजन्य घट आढळली नाही. नियंत्रण: आजवरची सर्वोच्च नोंद.’

मृण्मयी कठड्यावरून उडी मारून आली. रणधीरची छत्री वाऱ्यानं ट्रॅकवर गेली आणि ते तिच्या मागे पळाले, लाल दिवा असताना, सगळे नियम मोडून. केळवकर पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. मी त्यांना माझे दोन्ही हात पालथे करून दाखवले. बघा म्हटलं. नीट बघा.

पुढच्या खेपेत दस्तगीरभाई पुन्हा होते, त्यांच्यासोबत आणखी सात-आठ जण, बहुतेक पन्नाशी-साठीचे. त्यांना मी काय झालं ते भराभर सांगितलं. कागलचा पोलादवाला म्हणाला, “वहिनी, तुमच्याएवढा वेळ आम्हाला नाही कमवता यायचा.”

“वेळेचं मी बघतो,” दस्तगीरभाई म्हणाले.

सहावी फेरी संपता संपता, सरळ रस्त्यावर, त्यांच्या गाडीची डिकी उघडली. कशी उघडली कोण जाणे! मोसंबी. पोतंभर मोसंबी ट्रॅकभर घरंगळली. पिवळा झेंडा, घड्याळ थांबलं, आणि सगळ्या गाड्या मोसंब्यांतून वाट काढत, काचा खाली करून, एकमेकांना शिव्या देत पूर्ण एक फेरी रांगल्या. कमानीखाली एकामागून एक आले. फवारा एकदाही उडाला नाही. घट आढळली नाही. घट आढळली नाही. घट आढळली नाही. शेवटी टाळ्या वाजवायला लोकांचे हात पुरेनात.

“वहिनी,” दस्तगीरभाई घाम पुसत म्हणाले, “माझा म्हणतोय, दोन लग्नं झेपतील.”

सोमवारी मी भट्टीपाशी गेले. ओतायची वेळ झाली होती. मृण्मयीनं बाजूला सरून जागा दिली आणि म्हणाली, “बोला आई, ओतायचं?” सगळे कामगार माझ्याकडे बघत होते, सरळ चेहऱ्याकडे. मी रंग बघितला. “ओता,” म्हटलं.

*

आता तुमचं पत्र आलंय. त्या दिवसाचे सगळे अहवाल तुम्ही ‘तांत्रिक कारणास्तव’ बाजूला ठेवलेत. माझे वाईट अहवाल मात्र तांत्रिक नव्हते. ते लगेच लागू झाले होते.

तुम्ही माझं काही करू शकत नाही. नऊ जणांचे अहवाल भर दुपारी, भर ट्रॅकवर, तुमच्याच पडद्यावर लागलेत. ती रसायनवाली बाई हळू फेरीबद्दल जे मला म्हणाली, तेच आता चार ठिकाणी उघड बोलते आहे. नागपूर, धुळे, सगळीकडचे ट्रॅकवाले स्वतःहून हळू फेरी घ्यायला लागलेत. तुमचे परीक्षक दिवा लावतात आणि कुणी आत येत नाही.

पण माझ्याआधीचे? निपाणीच्या इंदुमती शिंत्रे माझ्यासोबत चालवायच्या. माझ्याहून चांगलं चालवायच्या. त्यांना तुम्ही दोन वर्षांपूर्वी असमर्थ केलंत. मी परवा भेटायला गेले. मुलांनी त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय. चहाचा कप त्या आता दोन्ही हातांनी धरतात, कारण घरातले सगळे त्या हातांकडे बघत बसतात. मी त्यांना टायरचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी बरी होते?”

दोन वर्षांपूर्वीच्या त्या ‘होते’चं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे. हळू फेरी बंद करायची सही कोणी केली? फेरीशिवाय टायर खोटं बोलतो, हे त्या सहीच्या आधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं की नव्हतं? आणि इंदुमतीबाईंना, त्यांच्यासारख्या सगळ्यांना, त्यांच्या मुलांसमोर उभं राहून ‘आमचं चुकलं’ असं तोंडानं सांगायला तुमच्यातलं कोण येणार आहे, कधी येणार आहे?

नाव सांगा. तारीख सांगा. तक्रार नोंदवली आहे असलं काही नको. उत्तर द्या.